फ्रिजच्या कागदावरचे दोन उंचवटे

सुधाबाई कारखानीसांइतकं घाबरट माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. रिक्षात बसल्या की पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या आणि नागरवाड्यापासून कंपनीच्या बसथांब्यापर्यंत "धीमे भाई, धीमे" एवढाच जप करत यायच्या. लिफ्टला घाबरायच्या, पालीला घाबरायच्या, समोरून कुत्रा आला तर रस्ताच बदलायच्या. आणि गंमत म्हणजे सुईला घाबरायच्या. अहो, लशीच्या कामात केस पांढरे झालेली बाई ही!

आमच्या लॅबमध्ये तुलनेसाठी निरोगी माणसाचं ताजं रक्त लागायचं आणि ते स्टाफनंच द्यायचं असा रिवाज होता. रिवाज बाईंनीच पाडलेला, म्हणून पहिला हात त्यांचा. मी दंडाला पट्टा बांधला की त्या भिंतीकडे तोंड करायच्या, डोळे गच्च मिटायच्या आणि एकापासून मोजायला लागायच्या. सतरापर्यंत आल्या की मी म्हणायचे, "बाई, झालं."

"झालं? खरंच? फसवत नाहीस ना?"

मग एक डोळा उघडायच्या. आधी माझ्याकडे बघायच्या, मग नळीकडे. हे दर महिन्याला, न चुकता. मला हसू यायचं आणि मी ते मास्कमध्ये दाबायचे.

मी तेव्हा नवीन लागलेली. वडील रेल्वेत, नवरा सुहास नंदेसरीला एका केमिकलच्या कारखान्यात, घर गोत्रीच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. नव्वदनंतर बडोद्याच्या भोवती औषधांच्या बऱ्याच कंपन्या निघाल्या, त्यातलीच आमची एक. मालकाचे चिरंजीव भरतभाई अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी फ्लूची लस काढायचं मनावर घेतलं. ती कोंबडीच्या अंड्यांत वाढवायची. सासूबाई बिचाऱ्या बरेच दिवस समजत होत्या की मी पोल्ट्रीत कामाला आहे.

थंडी हा आमच्या कंपनीचा धर्म होता. लस उबेला गेली की फुकट जाते, त्यामुळे जे हातात येईल ते आधी फ्रिजमध्ये ठेवायचं, नाव मागून विचारायचं. ड्रायव्हरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या हाताला तेच वळण. फक्त आमची खोली उलट्या चालीची. आम्ही दोघीच, बाई आणि मी, आणि आमचं काम टी-पेशींवर. आणि ताज्या रक्तातल्या टी-पेशींना गारठा चालत नाही. "मरत नाहीत गं," बाई सांगायच्या, "पण गारठून गप्प बसतात. मग काही विचारलं तरी उत्तर देत नाहीत."

टी-पेशी म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "लस टोचली की रक्तात अँटिबॉडी तयार होतात, बरोबर? त्या विषाणूचा वरचा अंगरखा ओळखतात. पण हा मेला फ्लू सारखा अंगरखा बदलतो. मग अँटिबॉडीला ओळख पटत नाही. आतलं मात्र फारसं बदलत नाही हं. आतले कपडे तेच." इथं त्या स्वतःच लाजल्या आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. "टी-पेशी ते आतलं ओळखतात. विषाणू शरीराच्या पेशीत शिरून लपला तरी हुडकून काढतात. आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात."

या आठवणीचा त्यांचा सगळ्यात लाडका नमुना म्हणजे त्यांचे वडील, अप्पा. वय चौऱ्याऐंशी. तरुणपणापासून किती फ्लू पचवले असतील त्याची गणती नाही. महिन्यातून एकदा गल्लीतली नर्स येऊन अप्पांचं रक्त काढायची आणि बाई त्या नळ्या जुन्या रेशमी ब्लाउजच्या कापडात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून आणायच्या, मांडीवर धरून. एकदा फाटकावर नवा वॉचमन होता. त्यानं पिशवीला हात घातला, "आ शुं छे, बेन?" बाई एवढ्या दचकल्या की त्यांच्या तोंडून निघालं, "मारा बापुजी छे!" तो बिचारा दोन पावलं मागे सरला. पुढे कितीतरी दिवस तो बाईंच्या पिशवीला नमस्कार करायचा.

त्यांच्या भीतीचे नियम होते, आणि ते लॅबभर चिकटवलेले होते. आमच्या छोट्या फ्रिजवर एक गोल कागद फिरायचा. त्याच्यावर एक पेन आठवडाभर आतल्या तापमानाची रेघ काढत राहायचं. दार जरा वेळ उघडं राहिलं की रेघेला उंचवटा यायचा. फ्रिज उघडला की शेजारच्या रजिस्टरात वेळ लिहून सही करायची, हा बाईंचा कायदा. सोमवारी सकाळी लोक पेपर वाचतात तसा त्या चहाबरोबर हा कागद वाचायच्या. उंचवट्यावर बोट ठेवायचं, रजिस्टरात सही शोधायची, पुढचा उंचवटा. "घाबरत जा गं मीनल," म्हणायच्या. "घाबरणारा माणूस दोनदा बघतो."

मग डुकरांचा म्हणतात तो नवा फ्लू आला, आणि मी खरोखरच घाबरायला शिकले.

मला पाचवा महिना होता. पेपरात रोज यायचं की गरोदर बायकांना हा ताप जड जातो. पेपर वाचू नकोस म्हणून सासूबाई तो गादीखाली लपवायच्या आणि मी शोधून वाचायचे. कंपनीच्या बसमध्ये कुणी खोकलं की मी श्वास धरून बसायचे, पुढच्या थांब्यापर्यंत. सुहास कामावरून आला की त्याला दारातून सरळ न्हाणीघरात पाठवायचे. तो हसायचा, पण मी रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपायचे आणि पोटावर हात ठेवून मुकाट्यानं रडायचे. असं वाटायचं की हवेतच काहीतरी बसलंय आणि माझीच वाट बघतंय.

त्या दिवसांत गावभर कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या निघाल्या होत्या. खिशाला लावा म्हणे, फ्लू येत नाही. एका सकाळी बाईंनी माझ्या ओढणीला आतून एक पुरचुंडी टाचली.

"बाई, तुम्ही? याला शास्त्रीय आधार काय?"

"काही नाही. कणभर नाही. पण राहू दे." त्यांनी स्वतःचा पदर उलटा करून दाखवला. तिथंही एक होती.

भरतभाईंची नवी लस तयार झाली. आधी थोड्या धडधाकट म्हाताऱ्या माणसांना टोचायची, सुरक्षित ठरली आणि गुण दिसला की पुढच्या टप्प्यात गरोदर बायकांना. कॉरिडॉरमध्ये भेटले की भरतभाई हसून म्हणायचे, "पहेलुं इंजेक्शन तमने, मीनलबेन." मी हसायचे, पण मनातून देव पाण्यात घालून बसले होते. मला ती लस हवी होती. माझ्या बाळासाठी हवी होती. ती चांगलीच निघायला हवी होती.

आमच्या खोलीचं काम एवढंच की म्हाताऱ्यांचं रक्त लस टोचायच्या आधी एकदा तपासायचं आणि महिन्यानं पुन्हा तपासायचं. आधी आठवण किती होती, नंतर किती झाली. आधीचं रक्त एकदाच मिळतं. लस टोचली की ते 'आधी' संपलं.

ज्या दिवशी ते रक्त यायचं होतं त्या दिवशी माझी सोनोग्राफी होती. मी चारच्या सुमाराला लॅबमध्ये पोचले. खोलीत कुणी नाही. टेबलावर बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी, वर वेळ सव्वाअकरा: "अप्पांना श्वास लागलाय. सरकारी दवाखान्यात नेतेय. नळ्या". बस. पुढचा शब्द नाही.

नळ्या टेबलावर नव्हत्या. उबेच्या पेटीत नव्हत्या. मी फ्रिज उघडला. ट्रे समोरच होता, वरच्या फळीवर, नीट, सगळ्या नळ्या सरळ रांगेत. अकराच्या सुमाराला बाईंना फोन आला असणार, घाबऱ्याघुबऱ्या झाल्या असणार, आणि त्यांच्या हातांनी या कंपनीतला प्रत्येक हात जे करतो तेच केलं. जन्मभर दुसऱ्यांना ओरडत आलेल्या बाईंनी रक्त गारठ्यात ठेवलं होतं. पाच तास.

मी ट्रे बाहेर काढला. नळ्यांवरचं दव ओढणीनं पुसलं. टेबलावर ठेवला. रजिस्टर तिथंच उघडं होतं. त्यात बाईंची सही नव्हती. मीही केली नाही.

साडेपाचला बाई आल्या, पण दारातच थांबल्या. तोंडाला मास्क, डोळे सुजलेले. "मी आत येत नाही. अप्पांचा खोकला माझ्या अंगावर आहे, तुझ्या पोटात बाळ आहे. त्यांना ऑक्सिजन लावलाय गं." मग एकदम आठवण होऊन म्हणाल्या, "नळ्या? नळ्या टेबलावरच आहेत ना?"

बाईंना त्या क्षणी कसं सांगायचं? आणि खरं सांगायचं तर नुसती दया नव्हती ती. हे सगळं वाया गेलं तर लस लांबेल, आणि माझे महिने तर पुढे सरकत होते.

"हो बाई," मी म्हणाले. "टेबलावरच आहेत."

"हाश!" त्यांनी डोळे मिटले. "मग तू पेशी वेगळ्या काढ. मी इथून सांगते." आणि त्या कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून एकेक पायरी सांगत राहिल्या, आणि मी त्या सांगतील तसं करत राहिले.

पुढचे बरेच दिवस बाई घरी होत्या. अप्पांना खरोखरच तो नवा ताप होता. लॅबमध्ये मी एकटी. आमच्या तपासणीत जी पेशी विषाणूला ओळखते तिचा प्लेटवर एक निळा ठिपका उमटतो. म्हाताऱ्यांच्या प्लेट्स जवळजवळ कोऱ्या निघाल्या. तुलनेला माझं स्वतःचं रक्त होतं, त्यात ठिपके व्यवस्थित. महिन्यानं दुसरं रक्त आलं आणि त्या प्लेट्स निळ्यागर्द भरल्या. आधी काही नाही, नंतर एवढं! भरतभाई स्वतः खोलीत आले, प्लेट उजेडाला धरली आणि ओरडले, "बेन, आ तो कमाल थई गई!" सगळ्यांना पेढे वाटले. आमच्या विभागाला मोठी खोली द्यायची ठरली, मला कायम करायचं ठरलं, आणि गरोदर बायकांची यादी काढायला सांगितली. यादीत पहिलं नाव माझं. मी पेढा खाल्ला आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले. सगळे म्हणाले, दिवस भरत आलेत, होतं असं.

पहिल्या प्लेट्स कोऱ्या निघाल्या त्या खरोखर आठवण नव्हती म्हणून, की पेशी गारठून गप्प बसल्या म्हणून, हे मलाही माहीत नव्हतं; पण ही शंका माझ्याशिवाय कुणाला येणार नव्हती. यादीतल्या बायका लस टोचून घेतील, निर्धास्त होतील, मास्क काढून लग्नाला जातील. त्यांच्यातली एखादी माझ्यामुळे मरेल. हा विचार मी रोज बसमध्ये बसून करायचे, आणि रोज लॅबमध्ये जाऊन गप्प बसायचे.

बाई आता कामावर परतल्या होत्या, पण पेढे खाऊनही खूश नव्हत्या. अप्पा बरे होऊन घरी आले होते, श्रीखंड मागत होते, आणि बाई ते पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "मीनल, हा विषाणू अप्पांनी जन्मात पाहिला नव्हता. चौऱ्याऐंशीचं वय. तरी उठून बसले. म्हणजे आत कुणीतरी ओळखलंच ना? मग आपले सगळे म्हातारे कोरे कसे? एकालाही काही आठवत नाही?"

"असेल, बाई. माणसामाणसात फरक असतो."

"सगळ्यांत?"

त्यांनी जुने गोल कागद काढले. त्या आठवड्याचा कागद टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि बोट फिरवायला लागल्या. मी समोरच बसले होते. बोट एका उंचवट्यावर थांबलं, अकराच्या पुढे. मग दुसऱ्यावर, चारच्या थोडं पुढे. त्यांनी रजिस्टर उघडलं. दोन उंचवटे आणि सही एकही नाही.

"मीनल, त्या दिवशी हा फ्रिज कुणी उघडला?"

मी सांगितलं. एका दमात सगळं सांगितलं आणि ढसाढसा रडले. वाटलं, आता बाई कडाडतील. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"मी ठेवला," त्या म्हणाल्या. "मीच ठेवला. मला आठवतही नाही गं." मग, "आणि मी दारातून विचारलं तेव्हा तू..."

"हो."

"का गं?"

"भीती वाटली, बाई. तुमची, अप्पांची, नोकरीची, बाळाची. सगळ्याची."

त्यांनी मान हलवली, हळूहळू. त्यांना कळलं होतं. भीती त्यांना कळणार नाही तर कुणाला? पण दुसऱ्या मिनिटाला त्या उठल्या आणि भरतभाईंना फोन लावला. फोनचे आकडे दाबताना दोनदा चुकल्या.

भरतभाईंच्या केबिनमध्ये आम्ही दोघी आणि ते, एवढेच. बाईंनी पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला. गोल कागद पुढे सरकवला आणि आपल्या मोडक्या गुजरातीत सगळं सांगितलं. हा निकाल धरता येणार नाही. नव्या माणसांवर पुन्हा करायला हवं.

भरतभाईंनी कागद आपल्याकडे ओढला. "पाच कलाकमां शुं बगडी जाय, बेन? कदाच कशुं न थयुं होय."

"पाच तासांत कदाचित नसेलही बिघडलं," बाई मराठीतच म्हणाल्या. "पण कदाचितवर पोटुशा बायकांना टोचायचं?"

"कोने खबर पडशे?"

"मने खबर छे ने."

त्यांचा आवाज एवढा बारीक होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. भरतभाईंनी उसासा टाकला आणि दुसऱ्या उंचवट्यावर बोट ठेवलं. "अने आ? बहार कोणे काढी?"

माझ्या पोटात बाळानं लाथ मारली. मला तोंड उघडायचं होतं. देवाशपथ, उघडायचं होतं. नाही उघडलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "में काढी," म्हणाल्या. मग पेन घेतलं आणि दोन्ही उंचवट्यांपुढे वेळ घालून सही केली. ज्या बाईनं रजिस्टरात कधी एक मिनिट इकडचं तिकडं लिहिलं नव्हतं, तिनं माझ्यासाठी लेखी खोटं लिहिलं.

नवी माणसं जमवेपर्यंत फ्लूचा जोर ओसरला. भरतभाईंचा उत्साहही ओसरला आणि आमचा विभाग बंद झाला. बाईंना शाल दिली, नारळ दिला, "आता आराम करा" म्हणाले. मला अंड्यांच्या विभागात घेतलं. लस मला मिळाली नाही. उरलेले दिवस मी खिडक्या लावून घरात काढले आणि मुलगी झाली, सुखरूप. पण तिला मांडीवर घेतलं की मला केबिनमधलं ते पेन दिसायचं. अंघोळ घालताना, झोपवताना, कधीही.

ती चार महिन्यांची झाली तेव्हा मी एका सकाळी तिला घेऊन निघाले. आधी कंपनीत गेले आणि भरतभाईंना सांगितलं की दुसरी सही खोटी आहे, ट्रे मी काढला होता आणि बाईंना मी फसवलं होतं. ते म्हणाले, तुमच्याबद्दल काय करायचं ते विचार करून कळवतो, आता जा. तिथून मी रिक्षा करून थेट नागरवाड्याला गेले.

बाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. मी खालून हाक मारली तशा गॅलरीत आल्या, नाकाला रुमाल लावून. "वर येऊ नकोस गं! मला सर्दी झालीय. तिथूनच दाखव." मागे अप्पा खुर्चीत बसून हात हलवत होते. मी भर गल्लीत पोरीला दोन्ही हातांनी उंच धरलं.

"लशी वेळेवर टोचल्यास?"

"टोचल्या."

"रडली?"

"खूप."

"बघ! माझ्यासारखीच." त्या हसल्या. "डोकं झाक तिचं, ऊन आहे."

मी पोरीला खांद्याशी घेतलं. शेजारच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, पण आता थांबले असते तर पुन्हा कधीच जमलं नसतं. "बाई, मी साहेबांना सांगून आले. ट्रे मी काढला होता म्हणून. सगळं सांगितलं."

बाईंनी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. डोळे गच्च मिटले. रुमाल खाली घरंगळला आणि त्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्या मोजत होत्या. मी खाली उभी राहून त्यांच्याबरोबर मनात मोजत राहिले, आणि सतराला सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "बाई, झालं."

"झालं? खरंच? फसवत नाहीस ना?"

"नाही, बाई."

त्यांनी एक डोळा उघडला. आधी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे.